वर्तन मुलाचं, मांडणी आपली

शाळेत समुपदेशकाकडे एखादं मूल पाठवलं जातं तेव्हा त्याच्याआधी त्याचं विशेषण येऊन पोचलेलं असतं. खोटारडा, चोरटा, आगाऊ, कॉपीबहाद्दर. पाठवणाऱ्यांची अपेक्षा साधी असते: याला जरा चार गोष्टी समजावून सांगा. या कामात असलेल्या कुणालाही लवकरच कळून चुकतं की त्या चार गोष्टी मुलाला आधीपासून ठाऊक आहेत. चोरी का करू नये, खोटं का बोलू नये, यावर ते दीड पानाचा निबंध लिहू शकतं. कित्येकदा तो लिहून झालेला असतो आणि त्याला दहापैकी आठ गुणही मिळालेले असतात. म्हणजे उणीव माहितीची नाही. मग ती कशाची, या प्रश्नाचं उत्तर मला ज्या शास्त्रात सापडलं ते वर्तनोपचाराचं. पण ते वापरता वापरता त्याबद्दलची माझी समजूत पालटली. वर्तनोपचाराच्या पद्धतींनी मुलांचं नैतिक वागणं सुधारतं याबद्दल मला शंका उरलेली नाही. मात्र हा उपचार मुलावर करायचा नसतो. ज्या प्रसंगात मूल तसं वागतं त्या प्रसंगाची मांडणी बदलायची असते, आणि त्या मांडणीचा सगळ्यात मोठा भाग आपण मोठी माणसं असतो. ही गोष्ट शिक्षकांच्या बैठकीत सांगितली की थोडी शांतता पसरते, कारण मूल दुरुस्त करून मिळेल या आशेने सगळे आलेले असतात.

महाराष्ट्रातल्या शाळांना मूल्यशिक्षणाचं वावडं कधीच नव्हतं. परिपाठात प्रार्थना, सुविचार, बोधकथा यांचा क्रम वर्षानुवर्षं चालू आहे. राष्ट्रभक्तीपासून वक्तशीरपणापर्यंतची दहा मूल्यं अनेक शाळांच्या भिंतींवर रंगवलेली दिसतात. त्या दहांत एक गंमत आहे. नीटनेटकेपणा आणि वक्तशीरपणा ही डोळ्यांना दिसणारी वागणूक आहे. संवेदनशीलता किंवा सर्वधर्मसहिष्णुता मात्र दिसायला मुळात तसा प्रसंग यावा लागतो, आणि परिपाठात तो येत नाही. तिथे फक्त शब्द येतो. शब्दाने वागणं बदलतं का, हा प्रश्न फार पूर्वी मोजून पाहिला गेला आहे. 1920च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी हजारो मुलांना लबाडी करता येईल अशा साध्या प्रसंगांत ठेवून पाहिलं: स्वतःचा पेपर स्वतः तपासणं, घरी सोडवायची चाचणी, खेळातले गुण स्वतः लिहिणं, हाताशी पडलेली नाणी. 1928 ते 1930 या काळात त्यांचे तीन खंड आले. गणिताच्या चाचणीत लबाडी करणारं मूल खेळात लबाडी करेलच असं दिसलं नाही. पैशांना हात न लावणारं मूल उत्तरं बदलताना सापडलं. नीतीचे धडे मिळालेली मुलं न मिळालेल्यांहून फारशी प्रामाणिक ठरली नाहीत. पुढे त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली तेव्हा काही प्रमाणात ‘एकंदर प्रामाणिकपणा’ आढळला, हेही सांगायला हवं. मुलामुलांत फरक असतोच. पण प्रसंगाचा वाटा इतका मोठा निघाला की ‘हा मुलगा अप्रामाणिक आहे’ या वाक्याला फारसा आधार उरला नाही. ‘हा मुलगा अमुक ठिकाणी, अमुक वेळी अप्रामाणिकपणे वागतो’ एवढंच म्हणता येतं, आणि उपाय शोधायला तेवढं पुरतं.

वर्तनोपचारात कोणत्याही वागण्याकडे तीन बाजूंनी बघतात: त्याच्या आधी काय असतं, नेमकं काय घडतं आणि नंतर मुलाच्या पदरात काय पडतं. घटक चाचणीतली कॉपी घेऊ. आधी काय असतं? गाइडमधले प्रश्न जसेच्या तसे येणार हे सगळ्या वर्गाला माहीत असतं. उत्तर शब्दशः हवं असतं. बाकांवर तिघं तिघं बसलेली, सर वह्या तपासत खुर्चीत. गुण घरी दाखवायचे असतात आणि घरी शेजारच्या मुलाचे गुण आधीच पोचलेले असतात. घडतं काय? हे नीट पाहिलं तर ‘कॉपी’ या एका नावाखाली निदान तीन वेगळी वागणी निघतात: चिठ्ठी लिहून आणणं, पुढच्याच्या पेपरात डोकावणं आणि मित्राला दाखवणं. तिसऱ्याला मुलांच्या जगात लबाडी म्हणत नाहीत, दोस्ती म्हणतात; न दाखवणारा तिथे स्वार्थी ठरतो. आणि नंतर? बहुतेकांना गुण मिळतात, तेही लगेच. पकडला जाणारा एखादाच, आणि त्याची वर्गासमोर इतकी शोभा होते की बाकीचे प्रामाणिकपणाऐवजी सावधपणा शिकतात. आता उपदेश या तीनपैकी कुठे बसतो ते पाहा. कुठेच बसत नाही. उलट चार पर्यायी प्रश्नसंच, पुस्तक उघडं ठेवून सोडवायची एखादी चाचणी, कमी गुण पडलेल्याला आठवड्याने पुन्हा लिहायची मुभा, आणि मित्राला मदत करण्यासाठी चाचणीच्या आदल्या दिवशी ठेवलेला अर्धा तास, या सगळ्यांनी प्रसंग बदलतो. पुन्हा लिहायची मुभा मिळाली की चिठ्ठीची गरज कमी होते, आणि मदतीला उजळ माथ्याने जागा मिळाली की दोस्तीला चोरवाट लागत नाही. मुलांची नीती तीच राहते आणि तरीही कॉपी उतरते, हे पाहिल्यावर आपण ‘नीती’ कशाला म्हणत होतो असा प्रश्न पडतो.

दहावी-बारावीच्या परीक्षांत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसतो. 1982 साली राज्याने परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. भरारी पथकं आहेत, बैठी पथकं आहेत, ‘कॉपीमुक्त’ मोहिमा आहेत. या सगळ्याचा भर शिक्षेच्या शक्यतेवर आहे. शिक्षेची शक्यता पथक वर्गात असेपर्यंत वाढते आणि जीप फाटकाबाहेर पडली की खाली येते. मुलांना हे आपल्यापेक्षा अचूक कळतं. पथकं बंद करा असं मी म्हणत नाही. पाठांतर मोजणारा पेपर तसाच ठेवून केवळ पहाऱ्याने प्रामाणिकपणा उगवेल ही आशा मात्र फोल आहे.

वर्गातल्या गोंधळाबाबत, मारामारी आणि शिवीगाळीबाबत आणखी एक धडा आहे, आणि तो पचायला जड जातो. 1968 साली चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात एक साधी नोंद ठेवली: शिक्षिका किती वेळा ‘खाली बस’ म्हणतात आणि मुलं किती वेळा उठतात. ‘खाली बस’ वाढवायला सांगितलं तेव्हा उठणं वाढलं. बसलेल्या मुलांचं कौतुक सुरू केलं तेव्हा ते कमी झालं. शिक्षिकेच्या दृष्टीने ‘खाली बस’ काम करत होतं, कारण ओरडलं की मूल त्या क्षणी खाली बसतच होतं. दिवसभराची बेरीज मात्र उलट जात होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात त्यांनी नियम सांगणं, किरकोळ खोड्यांकडे काणाडोळा करणं आणि चांगल्या वागण्याची दखल घेणं हे एकामागून एक आणून पाहिलं. नुसत्या नियमांनी जवळजवळ काही झालं नाही. दखल घेणं सुरू झालं तेव्हा फरक पडला. मानसशास्त्राच्या पुस्तकात याला प्रबलन म्हणतात: ज्या वागण्यामागून मुलाला हवंसं काही येतं ते वागणं टिकतं. साठ मुलांच्या वर्गात मुलाला सर्वात हवीशी आणि सर्वात दुर्मीळ गोष्ट म्हणजे बाईंचं लक्ष, आणि आपल्या वर्गांत ते मिळवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे शेजाऱ्याच्या पाठीत पेन्सिल टोचणं. शांतपणे पेन्सिल परत करणाऱ्याकडे कुणी मान वळवूनही बघत नाही. बिघडलेल्या वागण्याला रोज खतपाणी कोण घालतं, हे त्या पाठीत टोचलेल्या पेन्सिलीवरून कळतं.

खोटं बोलण्याच्या बाबतीत तर पुरावा अधिकच बोलका आहे. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी 2011 साली पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शाळेत छडी आणि चापट नेहमीची, दुसरीत नाही. मुलांच्या पाठीमागे खेळणं ठेवून ‘बघू नकोस’ असं सांगितलं. दोन्हीकडच्या बहुतेक मुलांनी वळून पाहिलं. फरक पुढे दिसला. छडीच्या शाळेतली वळून पाहणारी जवळजवळ सगळी मुलं खोटं बोलली आणि पुढच्या प्रश्नांना ती थाप सफाईने निभावूनही नेली. दुसऱ्या शाळेत खोटं बोलणारी त्या मानाने बरीच कमी होती आणि त्यांना थाप नीट रचताही येत नव्हती. मार खाणारं मूल सत्य बोलायला शिकत नाही, खोटं बोलण्याचा सराव करतं. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने 2010पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. छडी पुष्कळ कमी झाली, हे खरं. तिच्या जागी उपहास आला, ‘उद्या वडिलांना घेऊन ये’ आलं, वर्गाबाहेर उभं करणं राहिलं. कायद्याने एक साधन काढून घेतलं. दुसरं हातात द्यायचं होतं ते राहून गेलं, ही शिक्षकांची तक्रार मला रास्त वाटते.

गोष्टींचंही तसंच. कांग ली यांच्याच गटाने 2014 साली लहान मुलांना वेगवेगळ्या बोधकथा सांगून मग ती खरं बोलतात का ते पाहिलं. ‘लांडगा आला रे आला’ ऐकून आणि खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकून काही फरक पडला नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडल्याचं वडिलांजवळ कबूल केलं आणि वडिलांनी त्याच्या खरेपणाचं कौतुक केलं, या गोष्टीने फरक पडला. (ती गोष्ट स्वतः बनावट आहे, हा भाग वेगळा.) शेवट फिरवून वॉशिंग्टनला खोटं बोलायला लावलं आणि त्याची फजिती दाखवली, तेव्हा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे खोट्याचं वाईट फळ सांगण्यापेक्षा खऱ्याचं चांगलं फळ दाखवणं उपयोगी पडतं. आता आपल्या शाळांत कबुली देणाऱ्या मुलाचं प्रत्यक्षात काय होतं ते आठवा. काच कुणी फोडली हे विचारल्यावर जो हात वर करतो त्यालाच भरपाई, ओरडा आणि पालकसभेतली चर्चा मिळते. गप्प बसलेले सुटतात. परिपाठात कोणतीही गोष्ट सांगा, मधल्या सुट्टीतली गोष्ट तिच्यावर मात करते.

या पद्धतीचं सगळ्यात साधं हत्यार म्हणजे रोजचं कार्ड. सहावीतला एखादा मुलगा दुसऱ्यांच्या वस्तू उचलतो, हात उगारतो आणि विचारलं की नाकारतो, असं समजू. वहीच्या अर्ध्या पानावर तीन ओळी लिहायच्या: ‘वस्तू घेण्याआधी विचारलं’, ‘राग आल्यावर तोंडाने सांगितलं’, ‘विचारल्यावर जसं झालं तसं सांगितलं’. समोर तीन रकाने: मधल्या सुट्टीआधी, सुट्टीत, सुट्टीनंतर. जे दिसलं त्याला बरोबरची खूण. दिसलं नाही तर रकाना कोरा. लाल फुली नाही, शेरा नाही. दिवसाच्या शेवटी दोन मिनिटं बाई आणि मुलगा कार्ड बघतात, घरी पाच मिनिटं आई किंवा आजी बघते, आणि ठरलेल्या खुणा झाल्या तर एखादी छोटी आवडीची गोष्ट: कॅरमचा एक डाव, फळा पुसायचा मान. काही आठवड्यांनी खुणा मुलगा स्वतः करतो आणि बाईंच्या खुणांशी ताडून बघतो. या टप्प्यावर खूण जुळणं हेच महत्त्वाचं, कारण तिथे तो स्वतःच्या वागण्याचा साक्षीदार होत असतो. मग कार्ड आठवड्यातून एकदा, मग बंद. ऐकायला सोपं, पण बिघडतं दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी मोठ्यांमुळेच. एक, ओळींत ‘चांगलं वागला’, ‘शहाण्यासारखा राहिला’ असं काहीतरी घुसतं, जे कुणालाच पाहता येत नाही आणि बाईंच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर ठरतं. दुसरं, घरी कार्डाचं आरोपपत्र होतं. कोऱ्या रकान्यांवर झडती सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी कार्ड ‘हरवतं’. ते हरवलं की मुलाची आणखी एक लबाडी म्हणून नोंद होते. खरं तर त्याने अगदी हिशेबी वर्तन केलेलं असतं.

यावर सर्वात जुना आणि सर्वात सभ्य आक्षेप असा की ही लाच आहे. खुणा, तारे, कॅरमचा डाव देऊन प्रामाणिकपणा विकत घ्यायचा का? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मारिया माँटेसोरी यांनी बक्षीस आणि शिक्षा या दोघांनाही एकाच पंक्तीत बसवलं होतं, आणि गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्यामार्फत ती दृष्टी आपल्या बालशिक्षणात पक्की रुजली. पुरावाही त्यांच्या बाजूने आहे. 1973 साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक’ असं सांगून चित्रं काढायला लावली. पुढे मोकळ्या वेळात त्या मुलांचा कल कमी झाला. ज्यांना तेच प्रशस्तिपत्रक न सांगता अचानक मिळालं त्यांचा नाही झाला. 2000 साली प्रसिद्ध झालेला हैफा शहरातल्या पाळणाघरांचा अभ्यास मोठ्यांबद्दल आहे: मुलाला न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर वाढला आणि दंड काढल्यावरही तो वाढलेलाच राहिला. आधी बाईंना थांबवून ठेवल्याची लाज होती. दंडाने तिची किंमत ठरवून दिली. उशिरा येण्यासाठी पाच रुपये दंडाच्या पेट्या वर्गावर्गांत ठेवणाऱ्या शाळांनी हे एकदा वाचायला हवं.

तरीही या पुराव्यातून ‘बक्षीस नकोच’ असा निष्कर्ष निघत नाही. लेपरच्या मुलांना चित्रं आधीच आवडत होती. राग आल्यावर हात न उगारणं हे कुणालाही आधीपासून आवडत नसतं. तिथे मारून टाकायला आवड नसतेच, तयार करायची असते. बक्षीस विरजणासारखं आहे: थोडं घालावंच लागतं, फार झालं की सगळं आंबतं. किती, कधी आणि कोणत्या शब्दांबरोबर, यावर बरंच अवलंबून आहे. जोन ग्रुसेक आणि एरिका रेडलर यांनी 1980 साली दाखवलं की आठेक वर्षांच्या मुलाने दुसऱ्याला काही दिल्यावर ‘छान केलंस’ म्हणण्यापेक्षा ‘तू मदत करणारा मुलगा आहेस’ असं म्हटलं तर ते पुढे वेगळ्या प्रसंगांतही मदत करण्याची शक्यता वाढते. पाचेक वर्षांच्या मुलांत तो फरक तसा दिसला नाही. गंमत अशी की आपण हेच तंत्र रोज वापरतो, फक्त उलट्या बाजूने: एक पेन्सिल उचलली की ‘तू चोर आहेस’. एका कृत्यावरून स्वभाव ठरवायचाच असेल तर चांगल्या कृत्यावरून ठरवावा, एवढंच म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हे सगळं वरवरचं वागणं. हेतू शुद्ध नसेल तर त्याला नीती कशी म्हणायची? कुणी बघत नसताना काय? यावर तत्त्वज्ञानात शिरण्याऐवजी मी काही शाळांत चालणाऱ्या विनादुकानदार दुकानाकडे बोट दाखवेन. टेबलावर पेन्सिली, खोडरबर, वह्या, किमतींचा कागद आणि पैशांचा डबा. बघायला कुणी नसतं. संध्याकाळी गल्ला आणि उरलेला माल जुळवून तूट किती एवढंच फळ्यावर लिहितात, कुणाचं नाव नाही. तूट दिसली की मोठ्यांना पहिली शंका चोरीची येते. पण तीन रुपयांच्या पेन्सिलीसाठी पाचाचं नाणं घेऊन आलेल्या मुलाला डब्यात दोन रुपये सुटे मिळाले नाहीत तर ते ‘उद्या देईन’ म्हणून जातं आणि विसरतं. सुट्ट्या पैशांची वाटी ठेवणं आणि उधारीसाठी दोरीला पेन बांधलेली वही लावणं, हे दोन उपाय प्रवचनापेक्षा जास्त तूट भरून काढतात. शुद्ध हेतूलाही सुटे पैसे लागतात. आणि प्रामाणिकपणे वागण्याचा सराव झाला, त्यातून वर्गात एक आकडा अभिमानाचा झाला, तर हेतू मागाहून येतो. तो नेहमी आधीच आला पाहिजे हा आग्रह आपण स्वतःच्या बाबतीतही पाळत नाही.

सरावाचा परिणाम टिकतो का, याचा सर्वात भरवशाचा पुरावा एका खेळाचा आहे. 1969 साली हॅरिएट बॅरिश, म्युरिएल सॉन्डर्स आणि माँट्रोझ वुल्फ यांनी चौथीच्या वर्गाचे दोन संघ पाडले. नियम मोडला की त्या संघाच्या नावापुढे फळ्यावर एक खूण, आणि खुणा मर्यादेत राहिल्या तर एक किंवा दोन्ही संघ जिंकणार. 1980च्या दशकात बाल्टिमोरच्या शाळांत पहिली-दुसरीच्या वर्गांना हा खेळ चिठ्ठ्या टाकून वाटून देण्यात आला आणि ती मुलं एकोणीस ते एकवीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. लहानपणी सर्वात आक्रमक असलेल्या मुलग्यांत पुढे अमली पदार्थांचं व्यसन आणि समाजविघातक वर्तन कमी आढळलं. पण पुढच्या वर्षीच्या तुकडीत, जिथे शिक्षकांना तेवढी मदत आणि प्रशिक्षण मिळालं नाही, तिथे परिणाम फिका पडला. मोठ्या मुलांचं उदाहरण शिकागोचं. तिथल्या ‘बिकमिंग अ मॅन’ या कार्यक्रमात एक खेळ आहे: एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने तो तीस सेकंदांत घ्यायचा. मुलं मुठी पिळतात, झोंबतात. मग विचारलं जातं, मागितला का नाहीस? आणि दुसरा म्हणतो, मागितला असता तर दिला असता. हे वर्तनाबरोबर विचाराचंही काम आहे. आपल्याकडे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, त्या वाटेने वर्तन आणि विचार यांतलं अंतर सहज ओलांडता येतं. शिकागोत कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका 45 ते 50 टक्क्यांनी घटल्या. कार्यक्रम संपल्यावर अटकांवरचा परिणाम टिकला नाही, शाळा पूर्ण करणारे मात्र वाढले. टिकला नाही हे वाचून काहींना पद्धत फसली असं वाटतं. मला त्यात उलट दिसतं. मुलगा जुन्याच गल्लीत, जुन्याच माणसांत परतला. प्रसंग बदललाच नव्हता.

इथे एक सावधगिरीही सांगून टाकतो. झटपट युक्त्यांवर भाळू नये. कागदाच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली तर लोक खरं लिहितात, असा 2012चा एक शोधनिबंध जगभर गाजला. 2021 साली तो मागे घेण्यात आला, कारण त्यातले काही आकडेच बनावट निघाले. प्रामाणिकपणाचा अभ्यास आणि बनावट आकडे! तसंच, ज्या मुलाच्या वागण्यामागे घरातला अत्याचार, नैराश्य किंवा मेंदूच्या विकासातली अडचण आहे त्याला कार्ड आणि खुणा पुरत नाहीत. ते ओळखून तज्ज्ञाकडे पाठवणं हाही याच कामाचा भाग.

शिक्षक विचारतात, हे सगळं करायचं कधी? वर्गात साठ मुलं, वर मतदारयादी, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही, पण एक उपयोगी पुरावा आहे. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांबरोबर बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम तपासला. निष्कर्ष 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. भर सबंध शाळेच्या वातावरणावर होता: भित्तिपत्रक, तक्रारपेटी, शिस्तीचं ठरलेलं धोरण, वर्गातल्या कृती, गरजूंसाठी समुपदेशन. काही शाळांत हे काम प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्याने केलं, काहींत शाळेतल्याच शिक्षकाने. कार्यकर्त्याच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि हिंसा घटली. शिक्षकाकडे सोपवलेल्या शाळांत कार्यक्रम तोच असूनही काही फरक दिसला नाही. शिक्षक नालायक आहेत असा याचा अर्थ लावणं अन्यायाचं आहे. आधीच भरलेल्या तासांवर आणखी एक काम लादलं की ते कागदावर होतं, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक शाळेत समुपदेशक हवा असं परिपत्रकांत आपण वाचतो; बहुतेक ठिकाणी ते पद म्हणजे दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या बाईंच्या नावापुढची आणखी एक जबाबदारी असते.

मला स्वतःला सर्वात बोचणारा आक्षेप वर्तनवादाच्याच घरातून आला आहे. 1972 साली रिचर्ड विनेट आणि रॉबिन विंकलर यांनी तोवरचे वर्गातले प्रयोग चाळून विचारलं, तुम्ही मुलांना नक्की काय शिकवत आहात? स्थिर बसा, गप्प बसा, ऐका. पद्धत चालते म्हणूनच ती धोकादायक आहे. तिच्याने आज्ञाधारकपणा तितक्याच सहज तयार होतो, आणि शाळांना आज्ञाधारकपणा हीच नीती वाटते. ‘बोलू नये’ ही कार्डावरची ओळ आणि ‘चुकीचं दिसलं तर बोलावं’ ही ओळ परस्परविरोधी आहेत, आणि दुसरी ओळ मी क्वचितच कुणाला लिहिताना पाहिली आहे. यावर मला एकच खात्रीचा तपास सुचतो. ओळी ठरवताना मुलं खोलीत आहेत का? आणि खुणा एकतर्फी आहेत का? काही वर्गांत मुलांनी बाईंसाठीही तीन ओळींचं कार्ड केलं: ‘नाव ठेवलं नाही’, ‘दोन्ही बाजू ऐकल्या’, ‘चूक झाल्यावर सॉरी म्हणाल्या’. खुणा मुलं करतात, शनिवारी कार्ड फळ्याशेजारी लागतं. पहिल्या आठवड्यात मुलं घाबरून सगळे रकाने भरून टाकतात. कोरा रकाना दिसायला साधारण महिना जातो, आणि मुख्याध्यापकांचा पहिला फोन त्याच दिवशी येतो.